कलम ६६-अ : जन्म, अंमल आणि लांबलेला अंत

भारताचा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा मुळात व्यापाराच्या सोयीसाठी झालेला कायदा होता. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविधी आयोगाने १९९६ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापाराचा एक नमुना कायदा तयार केला, जानेवारी १९९७ मध्ये आमसभेने तो सदस्य राष्ट्रांपुढे ठेवला, आणि त्याच्या आधारे संगणकावरील नोंदीला कागदी दस्तऐवजाचा व अंकीय स्वाक्षरीला हाताच्या सहीचा दर्जा देणारा हा कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. गुन्ह्यांचा भाग त्यात तुटपुंजा होता. हॅकिंग, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकात केलेली घुसखोरी व नासधूस, आणि कलम ६७ खालील अश्लील मजकुराचे प्रकाशन, एवढ्यावरच त्याचे फौजदारी अंग जवळपास संपत होते. नागरिकाने इंटरनेटवर काय बोलावे आणि काय बोलू नये, यात शिरण्याचे कारण कायदा करणाऱ्यांना तेव्हा दिसले नव्हते.

हे चित्र पालटू लागले ते २००४ च्या अखेरीस. बाझी डॉट कॉम या मुंबईस्थित लिलाव संकेतस्थळावर एका विक्रेत्याने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली, काही ग्राहकांनी ती विकत घेतली, आणि दिल्ली पोलिसांनी विक्रेत्याबरोबरच संकेतस्थळाचे मुख्य कार्यकारी अधिकारी अवनीश बजाज यांनाही डिसेंबर २००४ मध्ये अटक केली. वस्तू कंपनीची नव्हती, तिची जाहिरात बजाज यांनी लिहिली नव्हती, तरी जबाबदार तेच ठरवले गेले. स्वतः मजकूर न लिहिता इतरांचा मजकूर केवळ साठवणाऱ्या वा पोहोचवणाऱ्या संस्थेला कायद्याच्या भाषेत ‘मध्यस्थ’ म्हणतात. अशा मध्यस्थाला दुसऱ्याच्या कृत्याबद्दल तुरुंगात घालता येते काय, या प्रश्नाने उद्योगजगत हादरले आणि सरकारने २००५ मध्ये कायद्याच्या फेरविचारासाठी तज्ज्ञ समिती नेमली. तिच्या अहवालानंतर डिसेंबर २००६ मध्ये दुरुस्ती विधेयक लोकसभेत आले, स्थायी समितीकडे गेले, आणि तेथून परत येऊन रेंगाळत राहिले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याने हे रेंगाळणे संपवले. दहशतवादाविरुद्ध काहीतरी केले पाहिजे, या दडपणाखाली संसदेने अनेक विधेयके वेगाने हातावेगळी केली. माहिती तंत्रज्ञान दुरुस्ती विधेयक २२ डिसेंबरला लोकसभेत आणि २३ डिसेंबरला राज्यसभेत संमत झाले, तेही लोकसभेच्या गदारोळात आणि चर्चेवाचून. कलम ६६-अ या हल्ल्यातून जन्मले असे पुष्कळदा लिहिले जाते, पण ते अर्धसत्य आहे. आक्षेपार्ह संदेशांना शिक्षा देण्याची कल्पना २००६ च्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच होती, आणि ती फिशिंग, ओळखचोरी, चोरून केलेले चित्रण अशा नव्या सायबर गुन्ह्यांच्या यादीत, जणू त्यांचेच एक भावंड म्हणून, आली होती. हल्ल्याने या कलमाला मजकूर दिला नाही, घाई दिली. दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली.

कलमाचे तीन भाग होते. पहिला, अत्यंत आक्षेपार्ह किंवा धमकीवजा स्वरूपाची कोणतीही माहिती पाठवणे. दुसरा, खोटी असल्याचे ठाऊक असलेली माहिती त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, धाकदपटशा, वैर, द्वेष वा दुर्भावना निर्माण करण्यासाठी वारंवार पाठवणे. तिसरा, त्रास देण्यासाठी किंवा संदेशाच्या उगमाविषयी दिशाभूल करण्यासाठी ई-मेल पाठवणे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. या शब्दांचे कूळ शोधत गेल्यास ते ब्रिटनच्या १९३५ च्या टपाल दुरुस्ती कायद्यापर्यंत पोहोचते, ज्यात टेलिफोनवरून अत्यंत आक्षेपार्ह, असभ्य वा धमकीचे संदेश देण्यास आणि केवळ छळासाठी खोट्या तारा पाठवण्यास मनाई होती. तीच शब्दरचना थोड्याफार फरकाने २००३ च्या ब्रिटिश दूरसंचार कायद्यात उतरली होती. टेलिफोनवर एक माणूस दुसऱ्या एका माणसाशी बोलतो आणि ऐकणाऱ्याला त्या बोलण्यापासून सुटका नसते, म्हणून तेथे ‘त्रास’ या शब्दाला मोजता येण्याजोगा अर्थ होता. हजारो अनोळखी वाचकांसाठी उघड्यावर लिहिलेल्या मताला तोच शब्द लावल्यावर त्रास नेमका कोणाला आणि किती, याचे माप उरत नाही. मसुदा करणाऱ्यांनी शब्द उचलले, पण ज्या परिस्थितीसाठी ते घडले होते ती मागेच राहिली.

त्यात आणखी एक गोष्ट होती, जी चर्चेत मागे पडते आणि जिचा परिणाम मात्र सर्वांत मोठा झाला. दुरुस्तीतल्या कलम ७७-ब नुसार तीन वर्षे वा त्याहून अधिक कैदेचे गुन्हे दखलपात्र ठरले. दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या परवानगीवाचून तपास सुरू करू शकतात आणि अधिपत्राशिवाय अटक करू शकतात. भारतीय दंड संहितेतील अब्रुनुकसानीला कमाल शिक्षा दोन वर्षांची होती आणि तो गुन्हा अदखलपात्र होता. म्हणजे एखाद्या पुढाऱ्याविरुद्ध वर्तमानपत्रात अग्रलेख लिहिणाऱ्याला पोलीस परस्पर उचलू शकत नव्हते, पण तेच वाक्य फेसबुकवर लिहिणाऱ्याला उचलू शकत होते. गुन्हा जामीनपात्र होता हे खरे. परंतु रात्री पोलीस ठाण्यात नेऊन बसवले जाणे हीच ज्यांना पुरेशी शिक्षा वाटते, त्या सामान्य माणसांसाठी जामीन ही नंतरची गोष्ट होती.

पहिली दोन-तीन वर्षे या कलमाकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. एप्रिल २०११ मध्ये मध्यस्थांसाठी नियम आले, ज्यांनी आक्षेपाची सूचना मिळाल्यापासून ३६ तासांत हालचाल करण्याचे बंधन घातले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दूरसंचार व माहिती तंत्रज्ञान मंत्री कपिल सिब्बल यांनी मोठ्या कंपन्यांकडे आक्षेपार्ह मजकूर आधीच गाळण्याची अपेक्षा जाहीरपणे व्यक्त केली आणि त्यावर टीका झाली. भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाचा तो काळ होता, मध्यमवर्ग प्रथमच मोठ्या संख्येने समाजमाध्यमांवर राजकारण बोलू लागला होता, आणि अशा बोलण्याची सवय राजकीय पक्षांपैकी कोणालाच नव्हती.

२०१२ हे वर्ष त्यामुळे या कलमाच्या इतिहासात मध्यवर्ती ठरते. एप्रिलमध्ये जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरील एक व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. त्यांची पूर्ण सुटका व्हायला २०२३ उजाडले. सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली, राजद्रोहाचे कलम लावले गेले, सोबत ६६-अ होतेच, आणि मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावरच ते आर्थर रोड तुरुंगातून बाहेर आले. ऑक्टोबरअखेर पुद्दुचेरीत एका लघुउद्योजकाला केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या पुत्राविषयी ट्विटरवर लिहिल्याबद्दल पकडण्यात आले. दोन राज्ये, एक केंद्रशासित प्रदेश आणि तीन वेगळी सरकारे, पण कलम तेच. एखाद्या पक्षाच्या असहिष्णुतेवर सारे ढकलून देण्याची सोय या यादीने ठेवलेली नाही.

याच वर्षाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑगस्टमध्ये आसाममधील हिंसाचाराच्या नावाखाली खोटी छायाचित्रे आणि अफवा मोबाइलवरून फिरल्या, ११ ऑगस्टला मुंबईच्या आझाद मैदानात दंगल झाली, बंगळुरू आणि पुण्यातून ईशान्येकडील तरुण भीतीने गावाकडे निघाले, आणि केंद्राला घाऊक लघुसंदेशांवर पंधरा दिवसांची मर्यादा घालून सुमारे ३०० पाने बंद करावी लागली. ऑनलाइन शब्दामुळे माणसे खरोखर धोक्यात येतात, हे सरकारचे म्हणणे हवेतले नव्हते. प्रश्न इतकाच होता की या धोक्यावर ६६-अ हे उत्तर होते का.

पालघरच्या घटनेने त्या प्रश्नाची धार वाढवली. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले, १८ तारखेला रविवारी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले आणि मुंबई व परिसर बंद होता. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधील एका २१ वर्षांच्या तरुणीने, रोज अनेक माणसे मरतात आणि जग चालूच राहते, मग हा बंद कशासाठी, तो आदरापोटी नसून भीतीपोटी आहे, अशा आशयाची काही वाक्ये फेसबुकवर लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती आवडल्याची खूण केली. शिवसेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्याने तक्रार केली, दोघींना पोलीस ठाण्यात आणले गेले, आणि जमावाने त्या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी दोघींना न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करून प्रत्येकी १५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्यात आले. पोलिसांनी आधी धार्मिक भावना दुखावल्याचे कलम लावले होते, जे या मजकुराला कोणत्याही अंगाने लागू होत नव्हते. ते गळाले, पण ६६-अ मात्र नीट बसले, कारण कोणाला तरी त्रास झाला होता हे नाकारता येण्यासारखे नव्हते.

प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहून संबंधित पोलिसांवर कारवाईची मागणी केली, देशभरातून टीका झाली, आणि राज्य सरकारने चौकशीअंती दहा दिवसांच्या आत ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना व पालघर ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना निलंबित केले. दंडाधिकाऱ्यांची उच्च न्यायालयाने बदली केली. पोलिसांनी पुढे हे प्रकरण बंद केले. सरकारी यंत्रणेने या साऱ्याला ‘गैरवापर’ हे नाव दिले आणि ते नाव चिकटले. परंतु कलमाचा मजकूर समोर ठेवून पाहिले तर पालघरच्या पोलिसांनी घाई केली, दबावाला मान तुकवली, एवढे म्हणता येते. कलमाच्या शब्दांबाहेर ते गेले असे म्हणता येत नाही. ज्या तरतुदीत गैरसोय हा तुरुंगाचा आधार होता, तिचा असा वापर हा तिचा सरळ वापरच होता. पुढच्या सगळ्या वादाचे मर्म या भेदात आहे.

याच महिन्याच्या अखेरीस श्रेया सिंघल या दिल्लीच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात कलम ६६-अ ला आव्हान दिले. ज्येष्ठ विधिज्ञ सोली सोराबजी तिच्या बाजूने उभे राहिले, आणि सरन्यायाधीश अल्तमस कबीर यांनी हे आव्हान इतके दिवस कोणीच कसे दिले नाही, याबद्दल आश्चर्य व्यक्त केले. नंतर इतर याचिका जोडल्या गेल्या: कॉमन कॉज आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनांच्या, आणि ग्राहकांची परीक्षणे छापणाऱ्या माउथशट डॉट कॉम या मुंबईच्या संकेतस्थळाची, ज्याची तक्रार मुख्यतः मध्यस्थांच्या नियमांविरुद्ध होती. केंद्राने ९ जानेवारी २०१३ रोजी राज्यांना सूचना पाठवली की महानगरांत पोलीस महानिरीक्षक आणि जिल्ह्यांत उपायुक्त किंवा अधीक्षक यांच्या परवानगीवाचून या कलमाखाली अटक करू नये. मे महिन्यात न्यायालयाने तिचे पालन बंधनकारक केले. तरीही अटका होत राहिल्या.

दरम्यान २ जून २०१४ रोजी पुण्याच्या हडपसर भागात, छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर फिरल्यानंतर उसळलेल्या हिंसेत, त्या चित्रांशी कोणताही संबंध नसलेल्या एका तरुण संगणक व्यावसायिकाचा जमावाने जीव घेतला. त्या दिवशी ६६-अ पूर्ण अमलात होते. काही वाक्यांसाठी दोन मुलींना गाठणारे हे कलम जमावाच्या हातातल्या काठ्यांपर्यंत पोहोचत नव्हते, कारण त्याचे लक्ष्य शब्दांनी कोणाला काय वाटले हे होते. शब्दांनंतर काय घडवले जाणार आहे, याकडे ते पाहतच नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात निकाल दिला. तो नरिमन यांनी लिहिला. घटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) ने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर अनुच्छेद १९(२) मध्ये मोजलेल्या कारणांसाठीच, म्हणजे देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रुनुकसानी, गुन्ह्यास चिथावणी इत्यादींसाठीच, वाजवी बंधने घालता येतात. न्यायालयाने अभिव्यक्तीच्या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या मताची चर्चा किंवा त्याचा आग्रही पुरस्कार, तो कितीही अप्रिय असला तरी, संरक्षित आहे. चिथावणीच्या पायरीवर पोहोचल्यावरच राज्याला हात घालता येतो. त्रास, गैरसोय, अपमान हे शब्द या पायरीच्या पुष्कळ अलीकडचे होते.

दुसरा आधार संदिग्धतेचा होता. फौजदारी कायद्याने गुन्हा म्हणजे काय हे सामान्य माणसाला आणि पोलिसालाही कळेल इतके स्पष्ट सांगितले पाहिजे, हे तत्त्व लावताना निकालाने ब्रिटनमधली दोन प्रकरणे मांडली. एकात, एका खासदाराच्या कार्यालयात वंशद्वेषी निरोप ठेवणाऱ्याचे बोलणे खालच्या दोन न्यायालयांना अत्यंत आक्षेपार्ह वाटले नव्हते, पण हाउस ऑफ लॉर्ड्सला वाटले; दुसऱ्यात, विमानतळ बंद असल्याने वैतागून तो उडवून देईन असे ट्विटरवर लिहिणाऱ्याला खालच्या न्यायालयांनी धमकीसाठी दोषी ठरवले, पण उच्च न्यायालयाने सोडले. एकच वाक्य वाचून प्रशिक्षित न्यायाधीशांची मते अशी विरुद्ध जात असतील, तर ठाण्यातल्या अंमलदाराने ते कोणत्या मापाने मोजावे, हा युक्तिवादाचा रोख होता. निकालात आधारभूत मानलेल्या जुन्या निवाड्यांत मराठी वाचकाला ओळखीचे एक नाव भेटते: पुण्याच्या ‘सकाळ’ने वर्तमानपत्रांची पाने आणि किंमत ठरवणाऱ्या सरकारी आदेशाविरुद्ध लढवलेला १९६२ चा खटला, ज्यात अभिव्यक्तीवरचे बंधन केवळ जनहिताच्या नावाखाली समर्थनीय ठरत नाही, असे म्हटले होते.

सरकारचे सगळेच म्हणणे फेटाळले गेले नाही. इंटरनेटची पोहोच, वेग आणि संपादकीय चाळणीचा अभाव यामुळे त्यासाठी वेगळे गुन्हे निर्माण करता येतील, ही अतिरिक्त सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांची भूमिका न्यायालयाने समानतेच्या कसोटीवर मान्य केली. पण कलम जबाबदारीने वापरू, ही सरकारची हमी त्याने नाकारली. सरकारे बदलतात आणि कायदा राहतो, म्हणून एका सरकारचा शब्द पुढच्या सरकारला बांधत नाही. ‘गैरवापरा’ची सगळी मांडणी येथे कोसळली, आणि ६६-अ संपूर्णपणे घटनाबाह्य ठरले.

याच निकालाने मध्यस्थांच्या बाबतीतही मोठा बदल केला. कलम ७९ खाली मध्यस्थाला मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळाल्यावर तो काढावा लागतो; ही माहिती म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना, कोणाही व्यक्तीचे पत्र नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला. मात्र संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार देणारे कलम ६९-अ त्याने कार्यपद्धतीची हमी आहे म्हणून वैध ठरवले, जरी त्या कार्यपद्धतीतल्या एका नियमाने तक्रारी आणि कारवाई गुप्त ठेवण्याची तरतूद केली होती. निकालाचा हा भाग कच्चा राहिला असे म्हणावे लागते: बोलणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची वाट बंद झाली, पण त्याचे बोलणे निमूटपणे दिसेनासे करण्याची वाट मोकळी राहिली, आणि पुढच्या दशकातला संघर्ष स्वाभाविकपणे तिकडे सरकला. २०२३ मध्ये केंद्राने सरकारी कामकाजाविषयीची खोटी माहिती ठरवण्यासाठी स्वतःचाच तथ्यतपासणी कक्ष नेमण्याचा नियम केला. विनोदकार कुणाल कामरा आणि एडिटर्स गिल्ड यांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांची मते विभागली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या मतानंतर तो नियम रद्द झाला. त्या वादात श्रेया सिंघल निकाल पायाभूत होता.

कायद्याच्या पुस्तकांत विजय झाला असताना पोलीस ठाण्यांत मात्र काही वेगळेच चालू होते. रद्द झालेल्या कलमाखाली नवे गुन्हे नोंदवले जातच राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालयांना, मुख्य सचिवांना आणि पोलीस महासंचालकांना पाठवायला सांगितल्या. तरीही जुलै २०२१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने सादर केलेल्या आकडेवारीनुसार ११ राज्यांतील जिल्हा न्यायालयांत ७४५ प्रकरणे प्रलंबित होती, आणि निकालानंतर नोंदवलेल्या गुन्ह्यांत ३८१ प्रकरणांसह महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता. पालघर ज्या राज्यात घडले, त्याच राज्याचे हे स्थान होते. महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी न्यायालयाला दिलेले स्पष्टीकरण साधे होते: छापील पुस्तकात कलम जसेच्या तसे आहे, ते रद्द झाल्याची नोंद तळटीपेत आहे, आणि पोलीस तळटीप वाचत नाही. न्यायमूर्ती नरिमन यांनी धक्कादायक म्हणून त्याची संभावना केली. गुन्हा नोंदवणारा, तपास करणारा, आरोपपत्र स्वीकारणारा आणि खटला चालवणारा अशा चार-पाच सुशिक्षित माणसांच्या हातून एक मृत कलम पुढे सरकत होते, याचा दोष केवळ तळटिपेच्या माथी मारता येत नाही.

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने कलम ६६-अ खाली कोणावरही खटला चालवू नये, प्रलंबित प्रकरणांतून त्याचा उल्लेख काढावा आणि ते कलम छापणाऱ्या प्रत्येक प्रकाशनाने ते घटनाबाह्य ठरल्याचे वाचकाला सांगावे, असा आदेश दिला. कायद्याच्या मजकुरातून ते वगळले गेले ते संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये केलेल्या जन विश्वास अधिनियमाने, जो मुख्यतः व्यवसायसुलभतेसाठी ४२ कायद्यांतील किरकोळ गुन्हे सौम्य करण्यास आणला होता. त्याच्या परिशिष्टातील एका ओळीने, ३० नोव्हेंबर २०२३ पासून, कलम ६६-अ भारताच्या कायद्यातून गेले.